ऑल्डर्लीचे स्टॅन्ली : एका किताबाचा इतिहास



इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर लॉर्ड डलहौसी, लॉर्ड रिपन, लॉर्ड कर्झन अशी नावे लिहीत होतो. आठवीच्या वर्गातील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, या सगळ्यांचे पहिले नाव लॉर्डच कसे?" वर्ग हसला. मला मात्र त्या मुलाचे कौतुक वाटले. आपण पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द ऐकत आलो, पण तो कोठून येतो आणि कोणाला मिळतो हे विचारण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी अशा एका घराण्याच्या हकीकतीतून देणार आहे, की ज्याची आपणा मुसलमानांना आणि विशेषतः शिक्षणाची कळकळ असणाऱ्यांना ओळख असावी.

लॉर्ड हे नाव नव्हे, तो मानाचा किताब आहे. इंग्लंडच्या उमरावांमध्ये ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशा पाच पायऱ्या असतात. बॅरन ही त्यांतील शेवटची. राजा किंवा राणी हा किताब एकदा देई आणि पुढे तो बापामागून थोरल्या मुलाकडे जाई. मुलगा नसेल तर भाऊ, पुतण्या असा वारस शोधला जाई. बहुतेक किताब मुलींच्या वाट्याला येत नाहीत. किताबाबरोबर उमराव सभेत, म्हणजे पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहात, बसण्याचा हक्कही मिळे. त्यासाठी ना परीक्षा, ना निवडणूक. योग्य घरात आणि योग्य क्रमाने जन्म घेतला म्हणजे झाले!

इंग्लंडच्या चेशायर परगण्यात ऑल्डर्ली नावाचे गाव आहे. तेथील स्टॅन्ली घराणे जुने. याच कुळाच्या थोरल्या शाखेला १४८५ मध्ये अर्ल ऑफ डर्बी हा किताब मिळाला होता. ऑल्डर्लीची शाखा धाकटी. तिला १६६० मध्ये बॅरोनेट ही पदवी मिळाली आणि ९ मे १८३९ रोजी सर जॉन टॉमस स्टॅन्ली हे 'ऑल्डर्लीचे बॅरन स्टॅन्ली' झाले. हे गृहस्थ तरुणपणी, १७८९ मध्ये, जहाज घेऊन आइसलँडची पाहणी करण्यास गेले होते. त्यांच्या मागून १८५० मध्ये पुत्र एडवर्ड जॉन हे दुसरे बॅरन झाले. व्यापार खात्याचे अध्यक्षपद आणि पुढे पोस्टमास्टर जनरलचे पद त्यांनी सांभाळले. येथपर्यंतची कथा इतर पुष्कळ उमराव घराण्यांसारखीच आहे.

१८६९ मध्ये दुसरे बॅरन वारले आणि थोरला मुलगा हेन्री तिसरा बॅरन झाला. हेन्री स्टॅन्ली यांनी इस्लामचा स्वीकार केलेला होता. ब्रिटनच्या उमराव सभेत बसणारे ते पहिले मुसलमान सभासद होत.

वाचकहो, ही गोष्ट आपल्याकडे मजलिशीत कोणी सांगितली की लोक 'सुब्हानल्लाह' म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. परंतु शिक्षक म्हणून मला पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १८२७ मध्ये जन्मलेल्या या मुलाने केंब्रिजमध्ये असताना अरबी भाषेचा अभ्यास केला. परराष्ट्र खात्याच्या नोकरीत तो कॉन्स्टँटिनोपल आणि अथेन्स येथे राहिला. पुढे पूर्वेकडील देशांत त्याने दूरवर प्रवास केला. १८५९ च्या सुमारास त्याच्या धर्मांतराची बातमी घरी पोहोचली, तेव्हा आईवडिलांना मोठा धक्का बसला. तरीही घराशी असलेले नाते तुटले नाही.

उमराव झाल्यावर हेन्री यांनी आपल्या जमिनीवरील दारूचे गुत्ते बंद करविले. हिंदुस्थान आणि मलाया येथील कारभाराविषयी ते उमराव सभेत सरकारला प्रश्न विचारीत. वेल्समधील अँगलसी बेटावर लॅनबाड्रिग येथे एक जुने चर्च आहे. त्याच्या दुरुस्तीसाठी या मुसलमान जमीनदाराने पैसा दिला. त्या चर्चच्या फरशांत आणि रंगीत काचांत मुसलमानी पद्धतीची भौमितिक नक्षी आहे. आपल्या कुळांचे प्रार्थनास्थळ आपल्या धर्माचे नाही म्हणून त्यांनी ते पडू दिले नाही.

आपल्या कोकणाशीही त्यांचा एक धागा जुळतो. दुआर्त बार्बोसा नावाचा एक पोर्तुगीज कारकून सोळाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात आला होता. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून मलबारपर्यंतच्या बंदरांचे वर्णन त्याने लिहून ठेवले. त्यात आपले चौल आहे, दाभोळ आहे. मक्का, एडन आणि होर्मुझ येथून दाभोळला येणाऱ्या व्यापारी जहाजांची माहिती आहे. या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८६६ मध्ये हॅकलुइट सोसायटीने प्रसिद्ध केले. भाषांतरकार होते हेन्री स्टॅन्ली. आपल्या पूर्वजांच्या बंदरांची हकीकत इंग्रजी वाचकांपुढे आली ती त्यांच्या लेखणीतून. बार्बोसाखेरीज वास्को द गामा आणि मॅगेलन यांच्या सफरींची जुनी वृत्तांतेही त्यांनी भाषांतरित केली. किताब त्यांना वडिलांकडून मिळाला, पण अरबी, स्पॅनिश आणि पोर्तुगीज या भाषा त्यांना स्वतः शिकाव्या लागल्या.

११ डिसेंबर १९०३ रोजी, रमजानच्या महिन्यात, त्यांचे निधन झाले. ऑल्डर्लीच्याच जमिनीत मुसलमानी रीतीप्रमाणे त्यांचा दफनविधी झाला. तुर्की वकिलातीच्या इमामांनी नमाज पढविली.

आता त्यांच्या मातोश्रींकडे वळू. खरे तर हा लेख मी त्यांच्यासाठीच लिहावयास घेतला आहे. हेनरिएटा मराया स्टॅन्ली यांचा जन्म १८०७ चा. त्या काळी इंग्लंडमधील विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती. ज्यांच्या घरी ग्रंथसंग्रह आणि पैसा होता, त्यांच्याही मुली घरी मिळेल तेवढेच शिकत. पती हयात असेपर्यंत या बाईंना जाहीरपणे फारसे काम करता आले नाही. १८६९ मध्ये त्या विधवा झाल्या, तेव्हा साठी उलटून गेली होती. आपल्याकडे या वयात माणूस तसबीह हाती घेऊन कोपऱ्यात बसतो. या बाईंनी मुलींच्या शिक्षणाचे काम हाती घेतले.

त्याच वर्षी एमिली डेव्हिस यांच्या पुढाकाराने हिचिन येथे भाड्याच्या घरात मुलींचे एक कॉलेज सुरू झाले. विद्यार्थिनी किती? अवघ्या पाच! हेच पुढे १८७३ मध्ये केंब्रिजजवळ गेलेले गर्टन कॉलेज. लेडी स्टॅन्ली त्याच्या कारभारी मंडळात होत्या आणि त्याच्या ग्रंथालयासाठी त्यांनी पैसा दिला. १८७२ मध्ये मुलींच्या दिवसाच्या शाळा काढण्यासाठी एक कंपनी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही त्या होत्या. मुलींनी डॉक्टर व्हावे म्हणून लंडनमध्ये निघालेल्या वैद्यकीय शाळेलाही त्यांचा हातभार होता. १८९५ मध्ये त्या वारल्या. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. पाच मुलींच्या त्या वर्गाला एकोणऐंशी वर्षे वाट पाहावी लागली, पण वर्ग बंद पडला नाही.

त्यांच्या घरचे रविवारचे जेवण प्रसिद्ध होते. एक मुलगा मुसलमान. दुसरा, ॲल्जर्नन, रोमन कॅथलिक धर्मगुरू, जो पुढे बिशप झाला. तिसरा, लायल्फ, कोणताच धर्म न मानणारा. मुलींची मते आणखी वेगळी. केट स्त्रियांच्या मताधिकारासाठी भाषणे देई, रोझलिंड दारूबंदीसाठी झटे. केटचा मुलगा म्हणजे १९५० चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणारे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल. आजीच्या घरच्या त्या जेवणांची आठवण त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. मामामंडळी मोठमोठ्याने वाद घालीत, पण ती बसत एकाच टेबलाभोवती.

हेन्री यांना अपत्य नव्हते, म्हणून किताब भाऊ लायल्फ यांच्याकडे गेला. चौथे बॅरन होईपर्यंत त्यांचे आयुष्य शाळांच्या कामात गेले होते. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने लोकनियुक्त शाळामंडळे निघाली. लंडनच्या मंडळावर लायल्फ १८७६ मध्ये निवडून आले आणि मधली तीन वर्षे सोडता १९०४ पर्यंत, म्हणजे मंडळ असेपर्यंत, तेथे राहिले. शेवटची वर्षे ते उपाध्यक्ष होते. उमरावाचा मुलगा, पण आयुष्य वेचले ते गोरगरिबांच्या मुलांच्या वर्गखोल्यांसाठी!

पुढची कथा थोडक्यात सांगतो. पाचवे बॅरन ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियाचे गव्हर्नर होते. सहाव्यांच्या काळात, १९३८ मध्ये, ऑल्डर्लीची जमीन विकली गेली. १९५० मध्ये आयसीआय कंपनीने तेथील जागा घेऊन औषधांची प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध तेथेच प्रथम तयार झाले. आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले, तसे ब्रिटनमध्येही बहुसंख्य वंशपरंपरागत उमरावांचा सभेत बसण्याचा हक्क १९९९ च्या कायद्याने गेला. आठवे बॅरन २०१३ मध्ये वारले आणि किताब त्यांच्या मुलाकडे गेला. नाव राहिले, पण जमीन गेली आणि सत्ताही गेली. गर्टनच्या ग्रंथालयात मात्र मुली अजून वाचत बसतात.

पालकहो, एक कबुली देतो. माझ्या वर्गातील एक हुशार मुलगी चांगल्या गुणांनी दहावी पास झाली. तिला पुढे पाठवा असे सांगण्यास मी तिच्या घरी गेलो. वडील अदबीने म्हणाले, "मास्तर, तुमचे म्हणणे खरे. पण मुलीला किती शिकवायचे? घराण्याचे नाव तर मुलगाच चालविणार." मी चहा घेतला आणि गप्प परत आलो. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही, याची खंत आजही वाटते.

ते उत्तर आज देतो. ऑल्डर्लीच्या घराण्यातही नाव मुलांनीच चालविले. कायदाच तसा होता. पण त्या घराण्याची आठवण आज आपण ज्या कामासाठी काढली, त्याचा मोठा वाटा एका आईने उचलला आणि किताब तर तिच्या मुलींपैकी कोणालाच मिळणार नव्हता. आपल्यापाशी मुलांना देण्यासाठी किताब नाहीत, जहागिरी नाहीत. शाळा आहे. ती मुलासाठी आहे आणि मुलीसाठीही आहे. पुढच्या जून महिन्यात प्रवेशाचा अर्ज भरताना एवढे लक्षात ठेवा, हीच माझी नम्र विनंती.