कृत्रिम प्रकाश आणि व्यक्तिछायाचित्राची साक्ष

जुन्या स्टुडिओंतील व्यक्तिछायाचित्रांत चेहरे ताठर व गंभीर दिसतात; त्यावरून तत्कालीन समाजाच्या स्वभावाविषयी अनुमान काढण्याचा मोह अभ्यासकास होतो. हे अनुमान तपासून घेतले पाहिजे. १८३९ साली जाहीर झालेल्या दागेरच्या पद्धतीत प्रारंभी प्रकाशनास कित्येक मिनिटे लागत. १८५१ मध्ये आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केल्यावरही काही सेकंद निश्चल बसणे अपरिहार्यच होते. म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत. पुढे पॅरिसमध्ये नादारने विद्युत्‌प्रकाशात व्यक्तिचित्रे घेतली, परंतु त्यांतील छाया कठोर पडत. १८८७ साली जर्मनीत मीटे व गेडिके यांनी मॅग्नेशियम, पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड यांची पूड पेटवून क्षणार्धात चित्र घेणे शक्य केले. १९२९ च्या सुमारास आलेल्या फ्लॅश-बल्बने धूर व उघड्या ज्वालेचे भय घालविले. तथापि अंधुक खोलीत विस्तारलेल्या डोळ्यांच्या बाहुल्या फ्लॅशच्या चित्रात तशाच उमटतात. त्यांना भीतीची वा विस्मयाची खूण मानणे चुकीचे होईल. तेव्हा चेहऱ्यावरून मन वाचण्यापूर्वी प्रकाश कोठून व किती काळ पडला, हे विचारणे इतिहासकाराचे पहिले कर्तव्य ठरते.