सुगंधी मेणबत्ती, गवताचं तेल आणि डास



पावसाळा लागला की अंगणात लावायच्या सुगंधी मेणबत्त्यांच्या जाहिराती मोबाईलवर सुरू होतात. "सिट्रोनेला लावा, डास पळवा." सोबत "डास पळवणारं रोप" म्हणून कुंडीतलं गवतही विकलं जातं. हे गवत आलं कुठून आणि त्याचा खरा उपयोग किती, हे जरा इतिहासातून बघू.

सिट्रोनेला म्हणजे आपल्या गवती चहाचा चुलत भाऊ. मूळ गाव सिलोन, म्हणजे आजचं श्रीलंका. तिथे याचे दोन प्रकार: लेनाबातू आणि महापेंगिरी. महापेंगिरीचं बेणं पुढे जावा बेटावर गेलं, तिथे लागवड वाढली आणि त्याला नाव पडलं "जावा सिट्रोनेला". शास्त्रीय नावातलं 'विंटेरियानस' मात्र सिलोनमधल्या विंटर नावाच्या तेल उत्पादकावरून आलंय. जावा जातीच्या तेलात सिट्रोनेलाल साधारण तिसरा हिस्सा भरतं, सिलोनच्या तेलात बरंच कमी. आज भारतात याची मोठी लागवड आसामात आहे.

आपल्याकडेही अशा गवताचा जुना धंदा होता. खानदेश आणि निमाडच्या रानात रोशा गवत फुलावर आलं की कापायचे आणि तिथेच भट्टी लावून तेल काढायचे. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं! त्यात मुख्य घटक जिरॅनिऑल. सिट्रोनेलातही तो असतो आणि डासांना तो नकोसा वाटतो.

आता वासाचा आणि तापाचा संबंध बघा. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच 'खराब हवा'. दलदलीच्या घाण हवेने हिवताप येतो असं लोक मानायचे, म्हणून धूप आणि सुगंधी धूर हाही त्यावरचा एक इलाज समजला जायचा. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. गुन्हेगार हवा नव्हती, डास होता. पण वासाचा इलाज तसाच राहिला, त्याला फक्त काम नवीन मिळालं: हवा शुद्ध करण्याऐवजी डास हाकलायचं. सिट्रोनेलाचं तेल लोक अंगाला चोळू लागले. १९४६ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी डीट हे रसायन आलं, ते जास्त वेळ टिकायचं, त्यामुळे हे तेल मागे पडलं. १९४८ मध्ये अमेरिकेत कीटक पळवणारं म्हणून त्याची नोंदणी झाली, ती वेगळी गोष्ट.

मग मेणबत्तीचं काय? अंगाला लावलेलं तेल कातडीवर असतं, तेही तासा-दोन तासांत उडून जातं. मेणबत्तीतलं तेल तर थेट हवेत जातं, आणि उघड्यावर हवा कुणाच्या बापाची नसते. वारा आला की वास एकीकडे, आपण दुसरीकडे. १९९६ मध्ये कॅनडातल्या जंगलात चाचणी झाली. सिट्रोनेला मेणबत्तीजवळ बसलेल्यांना सुमारे ४२ टक्के कमी डास चावले. पण साध्या मेणबत्तीनेही थोडा फरक पडलाच. २०१७ मध्ये न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात डेंग्यूच्या डासावर चाचणी झाली, त्यात सिट्रोनेला मेणबत्तीचा काहीच परिणाम दिसला नाही. शिवाय डास माणसाला शोधतो तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून आणि घामाच्या वासावरून. मेणबत्तीने यातलं काही लपत नाही.

आपल्या गोठ्यातला शेणी-कडुनिंबाचा धूरही याच जातीचा. वारा पडलेला असेल तोवर चालतो, पण बंद गोठ्यात जनावरांचे डोळे आणि छाती दोन्ही खराब करतो. धूर करायचाच तर मोकळ्या बाजूला करा.

आता कामाचं:

१. ओट्यावर वारा नसताना दोन-तीन मेणबत्त्या अगदी जवळ लावल्या तर थोडा आराम मिळेल. पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नका.

२. रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट आणि उघड्या अंगाला डास पळवणारं मलम. बांधावर मेणबत्तीचा काही उपयोग नाही.

३. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि मेणबत्ती आपण संध्याकाळी लावतो! त्यामुळे टाकी, रांजण, जुने टायर, जनावरांची डोणी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करा. जे साठवण पाणी रिकामं करता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडायला आरोग्य केंद्रात विचारा.

४. कुंडीतलं रोप नुसतं ठेवून डास जात नाहीत. तेल पानाच्या आत असतं, पान चुरगाळल्याशिवाय ते बाहेर येत नाही.

५. लागवडीचा विचार असेल तर आधी तेल काढायचं युनिट आणि खरेदीदार बघा, मग बेणं आणा. भट्टी जवळ नसेल तर ते गवत म्हणजे नुसतं गवतच.

तेल खरं आहे, गवत खरं आहे. पण डास जन्मतो साचलेल्या पाण्यात, आणि तिथे कुठलाच सुगंध पोचत नाही. तुमच्या भागात जुन्या रोशाच्या भट्ट्यांची कुणाला आठवण असेल तर खाली नक्की लिहा.