शब्दकोड्याचं उत्तर कुणाच्या खिशात?

सिनॉप्सिस लिहायला बसलात की गाईड एक प्रश्न हमखास विचारतात: या प्रश्नाचं उत्तर बरोबर आहे हे ठरवणार कोण? आज याच प्रश्नाचा इतिहास पाहू, पण शब्दकोड्यांच्या वाटेने. भारतात हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे.

पहिलं आधुनिक शब्दकोडं आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापलं. वार रविवार. रविवार पुरवणी आणि कोडं यांची सोबत तेव्हापासूनची.

कोडं नेमकं कसं 'सुटतं'? सूचना समजा अशी आहे: 'कोकणात पिकणारं फळ, तीन अक्षरं.' मालवणात कुणालाही विचारा, फणस, कोकम, नारळ, जांभूळ अशी चार उत्तरं लगेच येतील. चारही बरोबर. उभ्या शब्दाने मधलं अक्षर 'ण' दिलं, तर फणस पक्का. पण त्याने शेवटचं 'ळ' दिलं, तर नारळ आणि जांभूळ दोन्ही उरतात. म्हणजे छेदणारा प्रत्येक शब्द हे एक स्वतंत्र मोजमाप आहे, पण प्रत्येक मोजमाप निर्णायक असेलच असं नाही.

क्लॉड शॅननने १९४८ च्या माहिती-सिद्धांतावरच्या निबंधात शब्दकोड्यांचा उल्लेख केलाय. भाषेत पुनरुक्ती शून्य असती, तर अक्षरं कशीही मांडली तरी कोडं झालं असतं. पुनरुक्ती फार असेल, तर मोठं कोडं रचताच येत नाही. मराठीत आणखी एक अडचण आहे. चौकटीत पूर्ण अक्षर बसतं, त्यामुळे 'क', 'का' आणि 'की' वेगळी धरावी लागतात. रचणाऱ्याला हे जड जातं. सोडवणाऱ्याला मात्र प्रत्येक छेदातून जास्त माहिती मिळते.

आता कोर्टाकडे वळू. बंगळूरच्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून आर.एम.डी.सी. कंपनी बक्षिसांची शब्दकोडी चालवायची. मुंबई राज्यात त्यांचा मोठा खप होता. (आजचा सिंधुदुर्ग तेव्हा याच राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात होता; वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये.) राज्य सरकारने १९४८ चा आपला कायदा १९५२ मध्ये बदलला आणि बाहेर छापलेल्या अंकांतल्या स्पर्धाही कराखाली आणल्या. कंपनी हायकोर्टात गेली आणि जिंकली. पण ९ एप्रिल १९५७ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला: ही स्पर्धा म्हणजे जुगार, आणि जुगाराला व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण नाही.

जुगार का? कारण 'बरोबर' उत्तर आधीच ठरवून लिफाफ्यात बंद केलेलं असायचं. तुमचा शब्द सूचनेला जास्त चपखल बसतो का, हे कुणी तपासत नव्हतं. तो लिफाफ्यातल्या शब्दाशी जुळतो का, एवढंच पाहिलं जायचं.

हिशोब करून बघा. दहा चौकटींत दोन-दोन अक्षरं तितकीच योग्य बसत असतील, तर २^१० म्हणजे १०२४ पूर्ण उत्तरं होतात. सगळी सूचनांशी सुसंगत, आणि बक्षीस त्यातल्या एकालाच. शब्दसंग्रह कितीही दांडगा असला, तरी शेवटी उरतो तो अंदाजच.

केंद्राचा १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदाही होता. त्यात महिन्याला बक्षिसांची कमाल रक्कम एक हजार रुपये आणि एका स्पर्धेत प्रवेशिका जास्तीत जास्त दोन हजार, अशी मर्यादा होती. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात कोर्टाने सांगितलं की हा कायदा नशिबाच्या स्पर्धांना लागू आहे, खऱ्याखुऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना नाही. कोडं दिसायला तेच. फरक एवढाच, की पडताळा चौकटींच्या आत आहे की आयोजकाच्या खिशात.

येत्या रविवारी दोन वर्तमानपत्रांतली कोडी शेजारी ठेवा. एकूण किती चौकटी आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत येतात ते मोजा आणि गुणोत्तर काढा. मग ज्या चौकटी एकाच शब्दात आहेत, तिथे दुसरं अक्षर चालतं का, ते बघा. 'अवघड' कोडं आणि 'संदिग्ध' कोडं यांतला फरक हातात येईल.

नंतर हीच मोजणी स्वतःच्या सिनॉप्सिसवर करा. निष्कर्षाला छेद देणारं दुसरं मोजमाप तुमच्या आराखड्यात आहे का? नसेल, तर डेटा गोळा करायच्या आधी ते शोधा. नंतर शोधायला गेलात, तर उत्तर आपल्याला हवं तेच निघतं.