तारनियंत्रित विमानप्रतिकृतींचे जनकत्व

तारांनी नियंत्रित होणाऱ्या विमानप्रतिकृतींचा इतिहास बहुधा जिम वॉकर यांच्यापासून सांगण्यात येतो. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात पोर्टलंड येथे कारखाना चालविणाऱ्या या गृहस्थांनी ‘फायरबॉल’ ही प्रतिकृती बाजारात आणली व आपल्या पद्धतीस ‘यू-कंट्रोल’ असे नाव देऊन तिचे पेटंट मिळविले. रचना साधी आहे. उडविणाऱ्याच्या हातातील मुठीपासून निघालेल्या दोन तारा विमानातील तरफेस जोडलेल्या असतात. मूठ कलली की तरफ फिरते आणि शेपटीची आडवी झडप वरखाली होते. वर्तुळात फिरणाऱ्या विमानाच्या ओढीने तारा ताठ राहतात. त्या सैल पडल्या की विमान हातचे गेलेच!

परंतु त्याच राज्यातील ओबा सेंट क्लेअर यांनी जून १९३६ मध्ये ग्रेशॅमजवळ तारांवर विमान उडविले होते. त्यांची यंत्रणा अवजड व अनेक तारांची होती, हे खरे. तथापि वॉकर-कॉक्स खटल्यात, १९५५ साली, हाच पूर्वप्रयोग निर्णायक ठरला व पेटंट रद्द झाले. हा छंद सर्वत्र पसरला तो मात्र वॉकर यांच्या उद्योगामुळे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. खटल्याच्या वेळी सेंट क्लेअर स्वतः न्यायालयात उपस्थित होते.