हरलेला बॉक्सर संपतो कधी? हेवीवेट मुष्टियुद्धातलं १९५१ साल

आजचा विषय तसा जुना आहे, पण दर दोन-चार वर्षांनी तो नव्याने निघतो. एखादा हेवीवेट बॉक्सर लागोपाठ दोन-तीन लढती हरतो, वय तिशीच्या पुढे सरकलेलं असतं, आणि मग वाद सुरू होतो. हा आता संपला, की अजूनही जगज्जेतेपदासाठी झुंजू शकेल? भविष्य सांगणं हे आमचं काम नव्हे. पण हा प्रश्न इतिहासात अनेकदा विचारला गेला आहे आणि त्याला उत्तरंही मिळाली आहेत. अडचण एवढीच की ती उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. का जुळत नाहीत, ते आज पाहू.

त्यासाठी आम्ही दोन माणसं निवडली आहेत. दोघेही अमेरिकेतले, दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही १९१४ साली जन्मलेले. एकाचा जन्म ३१ जानेवारीचा, दुसऱ्याचा १३ मेचा. म्हणजे १९५१ च्या उत्तरार्धात दोघांचंही वय ३७. त्या वर्षी जुलैमध्ये त्यांतला थोरला आयुष्यात पहिल्यांदा हेवीवेट जगज्जेता झाला, आणि ऑक्टोबरमध्ये धाकटा मार खाऊन रिंगच्या दोरांतून बाहेर कोसळला. थोरला म्हणजे जर्सी जो वॉलकॉट, आणि धाकटा जो लुई. वय तेच, वजनी गट तोच, वर्षही तेच. मग शेवट इतका वेगळा कसा?

आधी वॉलकॉटकडे वळू. त्याचं खरं नाव आर्नोल्ड क्रीम. जन्म न्यू जर्सी राज्यातला, कॅम्डन शहराच्या जवळचा. लहानपणीच वडील गेले, घरात भावंडांची रांग, म्हणून शाळा सोडून तो सूप बनवण्याच्या कारखान्यात लागला. १९३० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने पैशासाठी मुष्टियुद्ध खेळायला सुरुवात केली. बार्बाडोसचा एक जुना विजेता जो वॉलकॉट हा त्याचा आदर्श, म्हणून नावही त्याचंच घेतलं.

आता हा काळ लक्षात घ्या. महामंदी सुरू झालेली. त्यात १९१५ मध्ये जॅक जॉन्सन हरल्यापासून एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत मिळालेली नव्हती. ती पुढे थेट १९३७ मध्ये मिळाली, जो लुईला, आणि लुईने ती जिंकली. म्हणजे वॉलकॉटच्या उमेदीच्या वर्षांत वरचं दार जवळपास बंदच होतं. खालच्या लढतींत पैसे किरकोळ. धड सराव नाही, पोटभर अन्न नाही, ऐनवेळी बोलावणं आलं की जाऊन उभं राहायचं. लग्न झालेलं, मुलं वाढत चाललेली. फेब्रुवारी १९४० मध्ये एब सायमन नावाच्या धिप्पाड बॉक्सरने त्याला सहाव्या फेरीत नॉकआउट केलं. त्यानंतरची चार-पाच वर्षं तो रिंगपासून जवळजवळ दूरच राहिला, मिळेल ती मजुरी करत. सव्वीस वर्षांचा माणूस, नावावर हारी, घरात उपासमार. त्या दिवशी कोणी 'हा संपला' म्हटलं असतं, तर आपणही मान डोलावली असती.

याच सायमनला लुईने १९४२ मध्ये सहाव्याच फेरीत झोपवलं. लुई तेव्हा शिखरावर होता. त्या लढतीची कमाई त्याने सैन्याच्या मदतनिधीला देऊन टाकली, त्याआधीच्या लढतीची नौदलाच्या निधीला. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

वॉलकॉटच्या पुनरागमनाचा किस्सा त्याच्या प्रत्येक चरित्रकथेत येतो. कॅम्डनचा एक आयोजक, फेलिक्स बोकिकियो, त्याला पुन्हा खेळायला सांगण्यासाठी घरी गेला. वॉलकॉट काही तयार होईना. घरातली कोळशाची कोठी रिकामी होती, ती आधी भरली गेली, खाण्यापिण्याची सोय झाली, आणि मग तो सरावाला उतरला. किस्सा सांगता सांगता थोडा रंगला असेल. पण त्यानंतरच्या लढती तर नोंदलेल्या आहेत. १९४५-४६ मध्ये त्याने जो बॅक्सी, जिमी बिव्हिन्स अशा नावाजलेल्या बॉक्सरांना हरवलं. मधे जोई मॅक्सिम आणि एल्मर रे यांच्याकडून हरला, तर १९४७ मध्ये दोघांनाही परत हरवलं. तिशी उलटलेला हा माणूस विशीतल्या स्वतःपेक्षा चांगला खेळत होता. यात चमत्कार काही नाही. पोट भरलेलं असताना आणि सराव झालेला असताना तो कसा खेळतो, हे लोक पहिल्यांदाच पाहत होते.

५ डिसेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याची लुईशी गाठ पडली. गंमत बघा, ही लढत आधी नुसती प्रदर्शनीय ठरली होती! वॉलकॉट जिंकेल असं मानायला कोणी तयार नव्हतं. त्याने लुईला पहिल्या आणि चौथ्या फेरीत खाली पाडलं. पंधरा फेऱ्या संपल्या तेव्हा लुई निकालाची वाट न पाहता रिंगमधून उतरायला निघाला होता. रिंगमधले पंच रुबी गोल्डस्टीन यांनी वॉलकॉटला विजयी ठरवलं, पण बाहेर बसलेल्या दोन परीक्षकांनी लुईला. दोन विरुद्ध एक. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, पण किताब लुईकडेच राहिला. जून १९४८ मध्ये पुन्हा गाठ पडली, तेव्हा लुईने त्याला अकराव्या फेरीत नॉकआउट केलं.

नंतर लुई निवृत्त झाला आणि एझार्ड चार्ल्स जगज्जेता झाला. १९४९ मध्ये आणि मार्च १९५१ मध्ये वॉलकॉट चार्ल्सकडूनही हरला. म्हणजे किताबासाठी चार प्रयत्न आणि चार हारी. तरी पाचवी संधी मिळाली. का मिळाली? आमचं मत असं की दोनदा हरवलेला प्रतिस्पर्धी बिनधोक वाटतो, आणि त्याचं नाव असल्यामुळे तिकिटंही विकली जातात. १८ जुलै १९५१, पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड. सातव्या फेरीत वॉलकॉटचा डावा हुक चार्ल्सच्या जबड्यावर बसला आणि चार्ल्स उठला नाही. तोवर इतक्या वयात कोणी हेवीवेट जगज्जेता झालेलं नव्हतं.

आता लुईकडे परत येऊ. किताब त्याने जवळपास बारा वर्षं राखला, पंचवीस वेळा. १९४९ मध्ये सन्मानाने बाजूला झाला. पण तोपर्यंत आयकराची थकबाकी डोंगराएवढी झाली होती. देशाच्या निधीला कमाई देणाऱ्या माणसाला देशाचंच देणं फेडायला परत रिंगमध्ये यावं लागलं. सप्टेंबर १९५० मध्ये तो चार्ल्सकडून पंधरा फेऱ्यांत हरला. तरीही थांबता आलं नाही. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी तरुण रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर पाडलं. ही लुईची शेवटची लढत.

या दोघांना शेजारी ठेवलं की आमचा मुद्दा स्पष्ट होतो. नोंदवहीत हार म्हणजे हार, पण हार दोन जातींची असते. एक अभावाची. पोटात अन्न नाही, हात मोडलेला, सरावाला वेळ नाही. अभाव दूर झाला की असा बॉक्सर परत उभा राहू शकतो. जेम्स ब्रॅडॉकचंही हेच झालं. त्याचा उजवा हात पुन्हा पुन्हा मोडला, मंदीत तो गोदीवर हमाली करायचा, सरकारी मदतीवर जगायचा, आणि १९३५ मध्ये त्याने मॅक्स बेअरला हरवून किताब घेतला. दुसरी हार झिजेची. शरीराने जेवढे ठोसे घ्यायचे तेवढे घेतलेले असतात, आणि ते कोणत्याही खुराकाने परत जात नाहीत.

जॉर्ज फोरमन या नियमाला अपवाद वाटतो, पण तो अपवाद नाही. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं तो रिंगबाहेर, धर्मोपदेशक म्हणून राहिला, ठोसे न खाता. १९९४ च्या नोव्हेंबरात, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडून वॉलकॉटचा वयाचा विक्रम मोडला. वॉलकॉट त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता.

आणि या उलटचं उदाहरण मुहम्मद अलीचं. १९८० मध्ये लास व्हेगासला लॅरी होम्ससमोर तो अडतिसाव्या वर्षी उभा राहिला. लढतीआधी वैद्यकीय तपासणी झाली, परवानाही मिळाला. दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर त्याच्या कोपऱ्याने लढत थांबवली. चार वर्षांनी त्याच्या आजाराचं, पार्किन्सनच्या लक्षणांचं, निदान झालं. तो किताबासाठी झुंजू शकेल असं म्हणणारे लोक तेव्हाही कमी नव्हते.

इथे आम्हाला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट अशी. संधी देणारे लोक या दोन हारींत फरक करत नाहीत. वॉलकॉटला संधी मिळाली आणि अलीलाही मिळाली, दोघांचं नाव विकलं जात होतं म्हणून. शिवाय गरज माणसाला दोन्ही टोकांना रिंगमध्ये ढकलते. वॉलकॉट विशीत तयारी नसताना उतरला तो भुकेपोटी, आणि लुई सदतिशीत वेळ टळून गेल्यावर उतरला तो देण्यापोटी.

म्हणून पुढच्या वेळी कोणी विचारलं, हा बॉक्सर अजून झुंजू शकेल का, तर हारींची संख्या मोजू नका. तो कशामुळे हरला, आजवर किती मार खाल्ला, आणि पुढच्या लढतीतून पैसा कोणाला मिळणार आहे, हे तीन प्रश्न विचारा. पहिल्या दोहोंची उत्तरं चांगली असली तरच तिसऱ्याकडे दुर्लक्ष करता येईल. वॉलकॉटलाही शेवटी झीज चुकली नाही. १९५२ मध्ये मार्सियानोविरुद्ध तो बारा फेऱ्यांपर्यंत गुणांवर पुढे होता, तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने पडला. १९५३ मध्ये पुन्हा त्याच्याशीच लढला आणि पहिल्याच फेरीत संपलं. त्यानंतर तो रिंगमध्ये परत लढायला आला नाही. पुढे तो आपल्या कॅम्डन काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला आणि ऐंशी वर्षं जगला. त्याच्या पाचव्या प्रयत्नाचं कौतुक आपण करतोच. वेळेवर थांबण्याचंही तेवढंच करावं, असं आम्हाला वाटतं.