रेघांकडून प्रतिमानाकडे

वास्तुरचनाकार, संरचना अभियंता आणि वीज-पाण्याचे तंत्रज्ञ यांनी इमारतीचे नकाशे स्वतंत्रपणे काढायचे, आणि वातानुकूलनाची नळी नेमकी तुळईलाच आडवी येते हे काँक्रीट ओतल्यावर कळायचे, हा बांधकाम व्यवसायातील जुना आणि खर्चिक दोष होता. त्यावर चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये अशी संगणकप्रणाली मांडली, की जिच्यात भिंत म्हणजे केवळ दोन रेघा न राहता आकार, साहित्य आणि स्थान यांची माहिती बाळगणारा घटक ठरली, आणि एका ठिकाणचा बदल सर्व नकाशांत आपोआप उतरण्याची वाट मोकळी झाली. ही कल्पना पुढे ‘बिम’, म्हणजे इमारतीचे माहितीयुक्त त्रिमितीय प्रतिमान, या नावाने रूढ झाली. खरी अडचण मात्र सहकार्याची होती. प्रत्येकाची प्रणाली वेगळी असल्याने १९९०च्या दशकात ‘आयएफसी’ हे कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नसलेले माहिती-स्वरूप घडवण्यात आले, आणि या इतिहासातील ते सर्वांत मोलाचे काम मानले पाहिजे. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांत बिम सक्तीचे केले; महाराष्ट्रात नागपूर मेट्रोने प्रतिमानाला वेळापत्रक आणि खर्च जोडणारी ‘पंचमितीय बिम’ पद्धत स्वीकारली.