पान फरीदाबादचं, फूल कुणाचं?

आता फरीदाबाद म्हटलं की ट्रॅक्टर आणि टायर आठवतात. पण कारखान्यांच्या आधी या गावाचं नाव होतं ते मेंदीमुळे. जहांगीराचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ मध्ये वसवलेलं हे गाव पुढे गुडगाव जिल्ह्यात होतं, आणि मेंदीच्या व्यापारात गुजरातेतल्या बारडोली-मढीच्या जोडीने त्याचं नाव घेतलं जाई.

आम्हा मराठी बायकांची मेंदी कुंपणाची. नागपंचमीला चार डहाळ्या ओरबाडायच्या, पाला पाट्यावर वाटायचा, की झालं. इथली मेंदी शेतातली. बी असं चिवट, की वीस-पंचवीस दिवस पाणी बदलत भिजवायचं, तेव्हा कुठे वाफ्यात टाकायचं, लावणी पावसात. एकदा झुडपाने मूळ धरलं की पुढची कित्येक वर्षं काढणी. जमिनीलगत छाटायचं, डहाळ्या सावलीत वाळवायच्या आणि झोडपून पानं झाडायची. उन्हात वाळवली की हिरवेपणा जातो, मग भाव कसला मिळतो!

या छाटाछाटीत बिचारीला फुलायला फुरसतच नाही. आमच्या सेक्टरच्या बागेत माळ्याने कडुनिंबांपलीकडे एक झुडूप मोकळं सोडलंय. दीड पुरुष वाढलंय, जुन्या फांद्यांना काटे आलेत, आणि बहरलं की बारीक, मोतिया फुलांचे घोस वासाने रस्त्यावरच्या माणसाला थांबवतात. हिना अत्तर काढतात ते याच फुलांचं. शेतकऱ्याला पान हवं, अत्तरवाल्याला फूल. दोघांचं एका झुडपावर जमत नाही.

फाळणीनंतर बन्नू, कोहाटकडच्या निर्वासितांसाठी इथे नवं शहर उभं राहिलं, पाठोपाठ कारखाने आले, १९७९ मध्ये जिल्हा झाला. प्लॉटच्या भावापुढे पाल्याचा भाव किती टिकणार? लागवडीचं मोठं केंद्र आता राजस्थानातलं सोजत. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही त्यालाच मिळालं. मला त्यात काही वावगं दिसत नाही. तिथलं कोरडं ऊन मेंदीला मानवतं. दळणारे, चाळणारे, पुड्या भरणारे मात्र फरीदाबादेत टिकून आहेत. तीजेला आमच्या गल्लीतल्या सुना तयार कोन आणतात. सासवांना तो चालत नाही; त्या पुडीच घेतात, चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवतात आणि वर पत्ता फरीदाबादचा आहे ना, तेवढं बघतात. पान कुठलं, ते विचारत नाहीत.